सुट्टीचा दिवस ओट्यापाशी जातो, तरी रोजची धावपळ सुटत नाही

वाचकांचा प्रश्न, थोडक्यात: घरात पाच माणसं. दोघं नोकरी करणारी, दोन शाळकरी मुलं आणि एक ज्येष्ठ. कामावरून परतायला साडेसहा होतात आणि आठच्या आत पानं वाढायची असतात. म्हणून गेले काही आठवडे रविवारी चार-पाच तास उभं राहून आठवड्याचं जेवण शिजवून ठेवायला सुरुवात केली. मंगळवारपर्यंत सगळे खातात, बुधवारी तोंडं वाकडी होतात. भात कडक होतो नाहीतर वास मारतो, फ्रीजरमधून काढलेल्या भाजीतले बटाटे रवाळ लागतात, राजमा तर कितीही शिट्ट्या दिल्या तरी आतून कच्चाच. वेळ वाचावा म्हणून लसणाची पेस्ट तेलात बुडवून बरणीत भरून ओट्यावर ठेवली होती. त्यावरून घरात वादही झाला. ज्येष्ठांचं म्हणणं, मुलांना शिळं खाऊ घालू नका. कुठल्या युक्त्या खरंच कामाच्या आहेत आणि कुठल्या टाळाव्यात? की आपला हातच सावकाश चालतो हे मान्य करून टाकावं?

उत्तर:

हाताच्या वेगाचा मुद्दा आधी निकालात काढू. पाच माणसांच्या भाजीचं चिरणं सराईत माणूस दहा मिनिटांत उरकेल, तुम्हाला पंधरा-सोळा लागतील. म्हणजे फरक पाच-सहा मिनिटांचा. बाकीचा वेळ कोणाच्याच हातात नसतो. कांदा लालसर व्हायला वीसेक मिनिटं लागणारच. कुकरमध्ये वाफ धरायला आणि नंतर ती उतरायला जो वेळ लागतो तो कसलेल्या स्वयंपाक्यालाही लागतो. शिवाय साडेसहाला फ्रीज उघडून ‘आज काय करायचं’ असा विचार करत उभं राहण्यात जी दहा-पंधरा मिनिटं जातात, ती तर कोणी मोजतच नाही. तेव्हा चाकू जोरात चालवायची धडपड सोडा. बोटं कापून घ्याल. त्यापेक्षा सुरीला धार लावून घ्या आणि पाट सरकू नये म्हणून त्याखाली ओलं फडकं ठेवा. चिरण्यापुरतं एवढंच पुरे.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: वेळ वाचवायचा तर पदार्थ पूर्ण करूनच ठेवायला हवा. खरी अडचण इथे आहे असं मला वाटतं. तयार पदार्थ साठवणीत सगळ्यांत लवकर बिघडतो, कारण त्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या वेगाने उतरत असते. रसाची चव दुसऱ्या दिवशी उलट मुरते, पण त्याच रसातला बटाटा गोठला की त्यातलं पाणी सुटतं आणि तो रवाळ होतो. हिरव्या भाज्या काळपटतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग फ्रीजरमधून काढल्यावर रबरासारखा लागतो. शिवाय रविवारी ठरलेली चव शुक्रवारपर्यंत बदलता येत नाही, म्हणून बुधवारी तोंडं वाकडी होतात. मुलांचा त्यात दोष नाही.

म्हणून पदार्थ न साठवता त्यांची अर्धी कामं साठवा. जे काम वेळखाऊ आहे आणि ज्याचं फळ टिकतं, ते सुट्टीच्या दिवशी करून टाका. जे पटकन होतं आणि नाजूक आहे, ते त्या त्या संध्याकाळवर सोडा. या कसोटीवर तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी रविवारातून आपोआप गळतात.

पहिला मान कांदा-टोमॅटोच्या परतलेल्या मसाल्याचा, कारण रोजचा सगळ्यांत जास्त वेळ तोच खातो. 1 किलो कांदा, 750 ग्रॅम टोमॅटो, 100 मिली तेल आणि दोन मोठे चमचे आलं-लसूण पेस्ट घ्या. कांदा बारीक चिरा. मिक्सरमध्ये कच्चा वाटू नका, त्याला कडवट चव येते आणि परतताना तो अंगावर उडतो. यंत्र वापरायचंच असेल तर थांबून थांबून, जाडसर राहील इतकंच फिरवा. पसरट, जाड बुडाच्या भांड्यात तेल तापवून कांदा आणि एक छोटा चमचा मीठ घाला, झाकण ठेवा आणि मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं तसंच राहू द्या. कांद्यात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असतं आणि ते निघून गेल्याशिवाय कांदा लाल होत नाही. मिठाने आणि झाकणाने ते लवकर सुटतं. मग झाकण काढून आणखी वीसेक मिनिटं परता. बुडाला लागायला लागला तर चमचाभर पाणी शिंपडून खरवडा. तो तपकिरी थर चवीचा असतो, काळा मात्र होऊ देऊ नका. नंतर आलं-लसूण दोन मिनिटं, मग टोमॅटो, आणि कडेने तेल सुटेपर्यंत पंधरा मिनिटं. पाककृतीत ‘कांदा पाच मिनिटं सोनेरी परता’ असं लिहिलेलं दिसलं तर तिकडे दुर्लक्ष करा. एवढ्या कांद्याला पाच मिनिटांत जेमतेम घाम फुटतो.

काही जण लवकर रंग यावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. रंग येतो हे खरं, पण कांद्याचा लगदा होतो आणि जरा जास्त पडला तर साबणासारखी चव लागते. सपक रस्सा चालणार असेल तरच या वाटेला जा.

या मसाल्यात तिखट, गरम मसाला वगैरे काहीही घालू नका. चव कोरी राहिली तरच सोमवारी त्यात राजमा, मंगळवारी अंडी आणि गुरुवारी वाटाणे वेगवेगळ्या अंगाने खपतात. गार झाल्यावर दीडशे-दीडशे ग्रॅमचे भाग करून पाकिटांत भरा आणि बोटभर जाडीचे सपाट करून फ्रीजरमध्ये आडवे ठेवा. एवढ्यात पाच-सहा जेवणांची सोय होते. गोळा करून गोठवलेला मसाला वितळायला अर्धा तास घेतो. सपाट पाकीट मात्र मोडून थेट पातेल्यात टाकता येतं. दोन-तीन चमचे पाणी घालून झाकण ठेवलं की सहा-सात मिनिटांत काम होतं. फ्रीजमध्ये हा मसाला तीन-चार दिवस टिकतो, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने सहज.

आता त्या बरणीचं. लसणाच्या त्या वादात घरच्यांची बाजू बरोबर आहे, आणि ओट्यावर राहिलेली ती पेस्ट चव न घेता टाकून द्या. लसूण जमिनीत वाढतो आणि त्याच्याबरोबर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. एरवी ते निरुपद्रवी पडून असतात. पण हवा नाही, आंबटपणा नाही आणि वातावरण उबदार, अशी जागा मिळाली की ते वाढून अत्यंत घातक विष तयार करतात. तेलात बुडवलेली, फ्रीजबाहेर ठेवलेली लसणाची पेस्ट म्हणजे नेमकी तशी जागा. यात वास, रंग, चव काहीच बदललं नाही असं होऊ शकतं, म्हणून ‘वास घेऊन बघितला, चांगली आहे’ हे इथे चालत नाही. वरून लिंबू पिळूनही भागत नाही, कारण पेस्टमध्ये आतपर्यंत पुरेसा आंबटपणा पोचला की नाही हे घरी कळायला मार्ग नसतो.

पर्याय सोपा आहे. आलं आणि लसूण समप्रमाणात, पाणी न घालता, दोन चमचे तेलावर वाटा आणि लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा. घट्ट झाले की तुकडे पाकिटात काढून घ्या आणि लागेल तसा एकेक थेट गरम तेलात सोडा. फ्रीजमध्ये ठेवायची असेल तर तीन-चार दिवसांपुरतीच करा. पेस्ट कधी हिरवी-निळसर झाली तर मात्र घाबरू नका. लसणातल्या गंधकयुक्त घटकांमुळे तसं होतं आणि त्याने काही अपाय नाही. सोलायचा कंटाळा असेल तर पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात टाका, सालं सैल होतात.

राजम्याची तक्रार बऱ्याच पत्रांत असते आणि चारांपैकी एक कारण निघतंच. टोमॅटो किंवा दुसरं काही आंबट कुकरमध्ये सोबत घातलेलं असतं आणि आंबटात कडधान्याची सालं मऊ होत नाहीत. किंवा पाणी जड असतं. किंवा राजमा जुना असतो. वर्ष-दोन वर्षं डब्यात पडलेला राजमा रात्रभर भिजवला तरी हट्ट सोडत नाही, त्यावर नवीन आणणं हाच उपाय. चौथं कारण म्हणजे शिट्ट्या मोजणं. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत सहा शिट्ट्या होतात आणि मंद आचेवर पंधरा मिनिटांत एकही होत नाही. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करा आणि घड्याळाकडे बघा.

भिजवताना एक लिटर पाण्यात दोन-तीन छोटे चमचे मीठ घाला. मीठ घातल्याने कडधान्य शिजत नाही हा समज उलटा आहे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, त्यामुळे साल मऊ होते आणि शिजताना फुटतही नाही. आठ ते बारा तासांनी ते पाणी टाकून द्या. ताज्या पाण्यात, कुकर निम्म्याहून जास्त न भरता आणि फेस वर चढून वाफेची वाट अडू नये म्हणून चमचाभर तेल घालून, मंद आचेवर 15 ते 20 मिनिटं शिजवा आणि वाफ आपली आपण उतरू द्या. पाणी फारच जड असेल तर पाव किलोला चिमूटभर सोडा चालेल, त्याहून जास्त नको.

राजम्याच्या बाबतीत एक शॉर्टकट मात्र कधीच घेऊ नका. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं आणि ते जायला निदान दहा मिनिटं खळखळ उकळी लागते. कुकरमध्ये तापमान 100 अंशांच्या बऱ्याच वर जातं, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. पण दिवसभर मंद गरम राहणाऱ्या विजेच्या भांड्यात राजमा भिजवून थेट टाकला तर तो 80 अंशांच्या आसपासच राहू शकतो, आणि असा अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. उलट्या-जुलाब काही तासांतच सुरू होतात. त्या भांड्यात करायचाच असेल तर आधी गॅसवर उकळून घ्या.

एकदाच अर्धा किलो राजमा आणि अर्धा किलो हरभरे वेगवेगळे शिजवा. शिजल्यावर ते दुपटीहून जास्त होतात. शिजवलेलं पाणी न फेकता त्यासकट डब्यांत भरा आणि वर बोटभर जागा सोडा, गोठताना पाणी फुगतं. पाण्यात राहिलेले दाणे कोरडे पडत नाहीत.

भात मात्र आठवड्याच्या यादीतून काढाच. तो वीस मिनिटांत होतो आणि त्या वीस मिनिटांत तुमचे हात मोकळे असतात. तो आधी करून ठेवून वाचलं काय? फ्रीजच्या थंडीत भातातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, म्हणून दाणे कडक लागतात. आणि वास मारायला लागलेला भात फक्त बेचव नसतो. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढून विष सोडतात आणि हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात मोकळा करून तासाभरात फ्रीजमध्ये जायला हवा, दुसऱ्या दिवशी संपायला हवा आणि एकदाच, वाफा येईपर्यंत गरम व्हायला हवा. आठवड्यातल्या एखाद्या अडचणीच्या दिवसासाठी थोडा हवाच असेल तर फ्रीजऐवजी फ्रीजरमध्ये ठेवा. पटकन गोठल्याने तो कमी कडक होतो. चमचाभर पाणी शिंपडून झाकून गरम करा.

इथे ज्येष्ठांच्या म्हणण्याकडे येऊ. त्यांची काळजी अगदीच चुकीची नाही. फक्त कालचं की आजचं यापेक्षा अन्न किती तास कुठल्या तापमानात होतं हे महत्त्वाचं. 5 ते 60 अंशांच्या मधे जिवाणू भराभर वाढतात. सकाळी करून दुपारभर ओट्यावर राहिलेली ‘ताजी’ भाजी ही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेल्या कालच्या भाजीपेक्षा जास्त धोक्याची. फ्रीज 4 अंशांवर किंवा त्याखाली आणि फ्रीजर उणे 18 वर आहे ना, हे एकदा साध्या थर्मामीटरने बघून घ्या. गरम भांडं रात्रभर बाहेर गार होऊ देण्याची सवय असेल तर ती मोडा. मोठं पातेलं आतून गार व्हायला फार वेळ लागतो, म्हणून चार बोटांपेक्षा कमी उंचीच्या पसरट डब्यांत वाटून ठेवा. हे सगळं त्यांना समजावून सांगा आणि रोजची एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखत ताजी शिजू द्या. वाद बराच निवळेल.

भाज्यांचं थोडक्यात. फरसबी, गाजर, कोबी चिरून कोरड्या डब्यात तीन-चार दिवस राहतात. बटाटा आणि वांगं चिरून ठेवू नका, काळे पडतात. पालेभाजी निवडून ठेवा, धुऊ नका. धुतलीच तर पूर्ण कोरडी करा, कारण ओलाव्यानेच ती सडते. डब्यात खाली-वर कागदी रुमाल ठेवले तर कोथिंबीर आठवडाभर जाते. कणीक मळून चोवीस तास ठेवता येते, मळताना जराशी घट्ट ठेवा कारण फ्रीजमध्ये ती सैल पडते. वरचा करडा रंग हवेने येतो, म्हणून तेलाचा हात फिरवून डबा घट्ट लावा. वाटाणे स्वतः गोठवायचे तर उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, मग कोरडे करून ताटात एकेरी थरात गोठवा. उकळी टाळली तर फ्रीजरमध्येही रंग आणि चव उतरत जाते. एवढा खटाटोप नको असेल तर गोठवलेले वाटाणे विकत आणा. त्याने स्वयंपाक कमी घरचा होत नाही.

संध्याकाळचा क्रम असा लावून बघा. घरात आल्याआल्या तांदूळ धुऊन भिजत घाला आणि विजेच्या किटलीत पाणी तापत ठेवा, मग हातपाय धुवा. परत येऊन भात लावा, दुसऱ्या शेगडीवर मसाल्याचं पाकीट सोडा. ते वितळेपर्यंत एक ताजी भाजी चिरा. मसाला सुटला की राजमा किंवा हरभरे त्यांच्या पाण्यासकट घाला, त्या दिवसाचं तिखट-मसाला घाला आणि दहा मिनिटं उकळू द्या. लागणारं जास्तीचं पाणी किटलीतलं गरम घाला, म्हणजे उकळी मोडत नाही. एकदा उकळी आली की आच कमी करा. जोरात उकळलं तरी पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही, नुसता गॅस जळतो. ताजी भाजी परतायची असेल तर कढई गच्च भरू नका. जास्त भाजी एकदम पडली की पाणी सुटतं आणि ती परतण्याऐवजी उकडते. पस्तीस-चाळीस मिनिटांत हे सगळं बसतं.

‘आज काय’ या प्रश्नासाठी आठवड्याचा पूर्ण मेनू आखू नका, तो दुसऱ्याच दिवशी मोडतो. फक्त वार वाटून घ्या: दोन दिवस कडधान्य, एक दिवस अंडी, दोन दिवस पालेभाजी किंवा फळभाजी, एक दिवस उरलंसुरलं. त्या चौकटीत नेमकं काय करायचं ते मुलांनी आदल्या रात्री ठरवावं. आणि पत्रात एक गोष्ट कुठेच आली नाही म्हणून विचारते: रविवारी ओट्यापाशी उभं कोण असतं, एकच माणूस का? ‘मदत’ म्हणून मधेच कोथिंबीर निवडून दिल्याने भार हलका होत नाही, कारण काय, कधी, किती हे तरीही एकालाच लक्षात ठेवावं लागतं. एक अख्खं काम दुसऱ्याचं करा. उदाहरणार्थ, कडधान्य भिजवणं, शिजवणं, डब्यांत भरणं आणि संपत आलं की आणणं. लसूण सोलणं दोन्ही मुलांचं असू शकतं.

काही गाजलेल्या युक्त्या निवांत विसरून जा. खारट रश्श्यात बटाटा टाकला की मीठ शोषतो, हे त्यांतलंच. बटाटा रस्सा शोषतो, त्यातलं मीठ वेगळं काढून घेत नाही. पाणी किंवा बिनमिठाचे शिजलेले दाणे घालून रस्सा वाढवा, वरून थोडं आंबट घाला. खाली लागलेली भाजी ढवळू नका, वरची हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात काढा. करपलेल्या बुडात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून उकळा, मग घासा. ॲल्युमिनियमचं भांडं असेल तर सोडा नको, ते काळं पडतं.

येत्या रविवारी एवढं सगळं एकदम करायला जाऊ नका. फक्त कांदा-टोमॅटोचा मसाला आणि एक कडधान्य करा, शनिवारी रात्री ते भिजत घाला. कुकर आणि कढई शेजारी-शेजारी चालू ठेवलीत तर दीड तासात दोन्ही आटपतं. आलं-लसणाचे तुकडे पुढच्या आठवड्यात. आणि पाकीट फ्रीजरमध्ये टाकण्याआधी त्यावर नाव आणि तारीख लिहा, लेखणी फ्रीजवरच बांधून ठेवा. गोठल्यावर टोमॅटोचा मसाला आणि राजम्याचा रस्सा ओळखता येत नाहीत.